भिंत आरशाचे ऐकते, फळी खेळाडूचे

वाचकाचे पत्र

मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना गणित शिकवते. परावर्तन, ऋण संख्या आणि वेग या तिन्ही गोष्टी मुलांना एकाच ठिकाणी हलत्या दिसाव्यात म्हणून, चेंडू आणि फळी वापरून विटा फोडण्याचा जुना खेळ मी जावास्क्रिप्टमध्ये लिहायला घेतला. तो ब्राउझरमध्ये चालतो, पण काही अडचणी आहेत. माझ्या लॅपटॉपवर तो व्यवस्थित चालतो आणि भाच्याच्या नव्या लॅपटॉपवर दुप्पट वेगाने धावतो. कधी कधी चेंडू फळीत अडकून थरथरत राहतो. प्रत्येक ओळ फुटल्यावर मी वेग दीडपट करते, त्यामुळे शेवटी शेवटी चेंडू विटेला न फोडताच तिच्या आरपार जातो. बाणाची कळ दाबून धरली तर फळी एकदा हलते, थबकते आणि मग चालू लागते. परावर्तनाचा नियम मी काटेकोर पाळला आहे, तरीही मुले दोन मिनिटांत कंटाळून उठतात. शाळेच्या संगणक कक्षात जुनी यंत्रे आहेत आणि इंटरनेट भरवशाचे नाही. हे सगळे सोडून एखादे तयार गेम इंजिन, म्हणजे खेळ बांधण्याची तयार सामग्री, शिकावे का? आणि खेळ पूर्ण झाला तर तो इतर शाळांना द्यायला हरकत नाही ना?

— एक गणित शिक्षिका

उत्तर

सप्रेम नमस्कार.

इंजिन शिकायला जाऊ नका. तुमच्या पाच तक्रारींपैकी चार तक्रारी थोड्याशा ओळींत मिटणाऱ्या आहेत आणि त्यांचे उपाय मी पुढे देतो. मुले दोन मिनिटांत उठतात ही पाचवी तक्रार मात्र वेगळ्या जातीची आहे. ती तुम्ही अखेरीस लिहिली असली तरी मी तिच्यापासूनच सुरुवात करतो, कारण ती सुटली नाही तर बाकीच्या चार दुरुस्त्या करूनही हाती एक निर्दोष आणि कंटाळवाणा खेळ राहील.

तुमच्या खेळात चेंडू फळीवर आदळतो तेव्हा आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात. याचा परिणाम काय होतो ते वहीवर मांडून पाहा. चेंडूच्या वेगाचे दोन घटक आहेत, एक आडवा आणि एक उभा. चेंडू बाजूच्या भिंतीवर आदळला की आडव्या घटकाचे चिन्ह बदलते. छतावर, विटेच्या वरच्या किंवा खालच्या कडेवर अथवा फळीवर आदळला की उभ्या घटकाचे चिन्ह बदलते. वेग वाढवला तरी दोन्ही घटक एकाच पटीने वाढतात, त्यामुळे त्यांच्या केवल मूल्यांचे गुणोत्तर पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत तेच राहते. म्हणजे चेंडू ४५ अंशांत सुटला असेल तर संपूर्ण खेळभर तो केवळ चार दिशांनी फिरतो आणि पाचवी दिशा त्याला कधीच मिळत नाही. खेळाडूने फळी डावीकडून लावली काय किंवा उजवीकडून लावली काय, चेंडू पुढे कुठे जाणार हे तो सुटला त्याच क्षणी ठरलेले असते. खेळाडूच्या हाती फक्त एवढेच उरते की चेंडू खाली पडू द्यायचा नाही. तुमच्या विद्यार्थ्यांना हे शब्दांत सांगता येणार नाही, पण आपल्या हालचालीने काहीच बदलत नाही हे त्यांच्या हाताला दोन मिनिटांत कळते, आणि ते उठतात. त्यांचे चुकत नाही.

हा प्रश्न या जातीच्या खेळांच्या जन्माइतकाच जुना आहे. १९७२ साली अटारी या खेळयंत्रांच्या कंपनीसाठी ॲलन अल्कॉर्न यांनी पाँग हा दोघांनी चेंडू टोलवण्याचा खेळ बांधला, तेव्हा त्यांनी फळीचे आठ भाग केले आणि चेंडू कोणत्या भागावर आदळतो त्यावरून तो परतण्याचा कोन ठरवला. मधल्या भागांवर आदळलेला चेंडू जवळजवळ सरळ परतत असे आणि कडेच्या भागांवर आदळलेला तिरका जात असे. त्या यंत्रात आज आपण ज्याला प्रोग्रॅम म्हणतो तसा काहीच नव्हता, सगळा विचार विद्युतमंडलांच्या जोडणीतच होता. तरीही एवढ्या तुटपुंज्या सामग्रीत त्यांनी ही एक गोष्ट बसवली, कारण तिच्यावाचून चेंडू टोलवण्यात खेळण्यासारखे काही राहत नाही. विटा फोडण्याचा खेळ, म्हणजे अटारीचाच ब्रेकआउट, १९७६ साली आला तो पाँगचीच कल्पना एकट्या खेळाडूसाठी वळवून.

तेव्हा माझा सल्ला असा की भिंती, छत आणि विटा यांना आरशाचा नियम पाळू द्यावा आणि फळीला त्यातून मोकळे करावे. फळी हा आरसा नसून खेळाडूचा हात आहे. क्रिकेटमध्ये चेंडू बॅटीच्या मधोमध लागला तर एकीकडे जातो आणि कडेला लागला तर दुसरीकडे, हे तुमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे, त्यामुळे हा बदल त्यांना समजावून सांगावाही लागणार नाही.

हा कोन काढण्याची रूढ रीत त्रिकोणमितीची आहे. फळीच्या मध्यापासून चेंडू किती दूर आदळला ते अंतर फळीच्या अर्ध्या रुंदीने भागायचे, आलेल्या उणे एक ते अधिक एकमधल्या संख्येला सुमारे ६० अंशांनी गुणायचे आणि त्या कोनाच्या साइन-कोसाइनवरून दोन घटक काढायचे. पण आठवीच्या मुलांना त्रिकोणमिती आलेली नसते. त्यांच्यासाठी मी तुम्हाला दुसरा मार्ग सुचवतो आणि तो तुम्हाला आवडेल अशी मला खात्री वाटते. अल्कॉर्न यांच्याप्रमाणे फळीचे आठ भाग करा आणि प्रत्येक भागाला पायथागोरसचे एक त्रिकूट द्या. फळीची रुंदी ८० पिक्सेल ठेवली तर प्रत्येक भाग दहाचा होईल. मध्याच्या लगतच्या दोन भागांना ७, २४, २५ द्या. त्यांच्या पलीकडच्या दोघांना ८, १५, १७. त्यांच्याही पलीकडे २०, २१, २९. आणि टोकाच्या दोन भागांना ४, ३, ५. प्रत्येक त्रिकुटातील पहिली संख्या आडव्या घटकाची, दुसरी उभ्या घटकाची आणि तिसरी म्हणजे कर्ण. चेंडूचा वेग सेकंदाला ३०० पिक्सेल असेल तर मध्याजवळच्या भागावरून परतताना आडवा घटक ३०० गुणिले ७/२५ म्हणजे ८४ आणि उभा घटक ३०० गुणिले २४/२५ म्हणजे २८८ होतो. टोकावरून परतताना तेच अनुक्रमे २४० आणि १८० होतात. दोन्ही वेळा वर्गांची बेरीज ९०,००० येते, म्हणजे दिशा बदलली तरी वेग तोच राहिला. हे मुलांना फळ्यावर पडताळायला द्या. पायथागोरसचा सिद्धांत ती शिकलेली असतात, पण त्याने काही चालते हे बहुतेकांनी पाहिलेले नसते.

या चार त्रिकुटांचे उभ्या रेषेशी होणारे कोन सुमारे १६, २८, ४४ आणि ५३ अंश आहेत, आणि ही निवड मी विचारपूर्वक केली आहे. चेंडूला अगदी सरळ वर जाऊ दिले तर तो एकाच उभ्या पट्ट्यात वरखाली करत राहतो आणि खेळाडूला फळी हलवावीच लागत नाही. त्याला फार आडवे जाऊ दिले तर तो दोन भिंतींच्या मध्ये रेंगाळतो आणि सगळे ताटकळतात. टोकाच्या भागाने ५३ अंशांवर थांबावे हे त्यासाठीच. शिवाय टोकावरून गेलेल्या चेंडूचा उभा घटक लहान असल्यामुळे त्याला तितकीच उंची चढायला मध्यावरून गेलेल्या चेंडूपेक्षा १.६ पट वेळ लागतो. म्हणून फळीच्या टोकाने चेंडू घेणे जोखमीचे असले तरी त्यातून सावरायला उसंत मिळते, आणि खेळाडू हा हिशेब नकळत करू लागतो. खेळ तिथे सुरू होतो.

तुमचा मूळ हेतू परावर्तन शिकवण्याचा होता, तोही यात बुडत नाही. एखादी कळ अशी ठेवा की ती दाबली की फळी आरशासारखी वागेल आणि पुन्हा दाबली की हातासारखी. मुलांना काहीही न सांगता दोन्ही प्रकारांनी खेळू द्या आणि मग विचारा की पहिल्या प्रकारात चेंडूच्या वाटेत किती वेगवेगळ्या दिशा दिसल्या. ही तासिका मला स्वतःला बसून पाहायला आवडेल.

आता दुप्पट वेगाचे प्रकरण. तुम्ही दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर नवे चित्र उमटते त्या प्रत्येक वेळी, चेंडू ठरावीक पिक्सेल पुढे सरकवत आहात. तुमचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो आणि भाच्याचा बहुधा १२० वेळा, म्हणून पाच पिक्सेलचे पाऊल तुमच्याकडे सेकंदाला ३०० आणि त्याच्याकडे ६०० पिक्सेल होते. वेग, वेळ आणि अंतर यांचे जे सूत्र तुम्ही वर्गात शिकवता त्यातून वेळ गळून पडली आहे, एवढीच ही चूक आहे. ही चूक फार मोठ्या माणसांच्या वाट्याला आलेली आहे आणि एकदा ती लाभाचीही ठरली. १९७८ साली ताइतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी स्पेस इन्व्हेडर्स तयार केला, तेव्हा त्यातील ११ च्या पाच रांगांत उभे असलेले ५५ शत्रू एकदम हलवणे त्या प्रोसेसरला जड जात होते. शत्रू मरत गेले तसे काम हलके होत गेले आणि उरलेले शत्रू आपोआप वेगाने धावू लागले. निशिकादो यांनी ते तसेच ठेवले आणि तोच त्या खेळाचा थरार ठरला. पण त्यांचा खेळ एकाच प्रकारच्या यंत्रावर चालणार होता. तुमचा खेळ तुमच्या लॅपटॉपवर, भाच्याच्या लॅपटॉपवर, शाळेच्या जुन्या संगणकावर आणि उद्या कोणाच्या तरी फोनवरही चालणार आहे, म्हणून वेळ यंत्राच्या स्वाधीन करून चालणार नाही.

ब्राउझर प्रत्येक फ्रेमच्या आधी तुमचे फंक्शन बोलावतो तेव्हा त्याला मिलिसेकंदांत वेळही देतो. मागच्या वेळी मिळालेली वेळ त्यातून वजा केली की किती काळ लोटला ते कळते. हा काळ थेट वेगाने गुणून चेंडू हलवता येतो, पण मी तसे सुचवणार नाही, कारण मग प्रत्येक यंत्रावर पावलांची लांबी वेगळी होते आणि टकरींचे निकालही थोडे थोडे वेगळे लागतात. त्याऐवजी लोटलेला काळ एका व्हेरिएबलमध्ये कणगीत धान्य साठवावे तसा साठवा आणि त्यातून १/१२० सेकंदाचे एक-एक मापटे काढत राहा. प्रत्येक मापट्याला चेंडू एकदा हलवायचा आणि टकरी तपासायच्या. मापटेभर काळ उरला नाही की थांबायचे, चित्र काढायचे आणि उरलेला काळ पुढच्या फ्रेमसाठी तसाच ठेवायचा. तुमच्या पडद्यावर दर फ्रेमला दोन मापटी निघतील, भाच्याकडे एक, आणि शाळेचे यंत्र सेकंदाला ३० फ्रेमवर आले तर चार. चेंडूचा प्रवास सगळीकडे एकच राहील. एक काळजी मात्र घ्या: वापरणारा दुसऱ्या टॅबमध्ये गेला की ब्राउझर फ्रेम देणे थांबवतो आणि तो परत आल्यावर कणगीत एकदम मिनिटभराचा काळ येऊन पडतो. म्हणून एका वेळी साठवायच्या काळावर एक दशांश सेकंदाची मर्यादा घाला.

याच उपायाने चेंडू आरपार जाण्याची तक्रारही मिटते, पण ती का उद्भवली हे मुलांना दाखवण्यासारखे आहे. पाच पिक्सेलचे पाऊल पाच वेळा दीडपट केले की ते जवळजवळ ३८ होते. तुमची वीट साधारण १६ उंचीची आणि चेंडूचा व्यास १२ धरला, तर २८ पिक्सेलपेक्षा लांब पाऊल टाकणारा चेंडू एका फ्रेमला विटेच्या पूर्ण अलीकडे आणि दुसऱ्या फ्रेमला पूर्ण पलीकडे असू शकतो. मध्ये तो कधी नव्हताच, तर टक्कर कशी दिसणार? मापट्यांच्या रीतीत सेकंदाला ६०० पिक्सेल वेगाचा चेंडूही एका वेळी फक्त पाच पिक्सेल सरकतो, त्यामुळे त्याला वीट ओलांडून जाता येत नाही.

फळीत अडकून थरथरणारा चेंडू हा चिन्ह उलटवण्याच्या सवयीचा परिणाम आहे. चेंडू फळीला शिवला की तुम्ही उभ्या घटकाचे चिन्ह उलटवता; पण तो फळीत थोडा खोल गेला असेल तर पुढच्या फ्रेमलाही तो शिवलेलाच असतो, चिन्ह पुन्हा उलटते, आणि हे चालूच राहते. याला तीन गोष्टी एकत्र लागतात. फळीशी टक्कर फक्त चेंडू खाली येत असतानाच तपासा. टक्कर झाली की चिन्ह उलटवण्याऐवजी घटकाची दिशा निश्चित वरची ठरवून द्या. आणि चेंडूला उचलून नेमका फळीच्या वरच्या कडेवर ठेवा. भिंतींनाही हाच न्याय लावा: डाव्या भिंतीवर आदळलेला चेंडू उजवीकडेच जाईल असे केवल मूल्य वापरून लिहा. इथे एक आठवण द्यायला हवी की पडद्याचा आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि य-अक्ष खाली जाताना वाढतो, म्हणजे वर जाणाऱ्या चेंडूचा उभा घटक ऋण असतो. आलेखाच्या वहीत याच्या नेमके उलट असते, आणि मुले इथे हमखास गोंधळतात. मला विचाराल तर हा गोंधळ टाळू नका; ऋण चिन्ह हे कमीपणाचे नसून दिशेचे चिन्ह आहे, हे इतक्या स्वच्छपणे सांगण्याची संधी पाठ्यपुस्तकात क्वचित मिळते.

विटांच्या टकरीसाठी आयतावर चेंडूच्या केंद्राला सर्वांत जवळचा बिंदू शोधायचा, त्या बिंदूपासून केंद्रापर्यंतच्या आडव्या आणि उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज घ्यायची आणि ती त्रिज्येच्या वर्गाहून कमी आहे का ते पाहायचे. पायथागोरस इथे पुन्हा भेटतो, आणि वर्गमूळ काढण्याचीही गरज पडत नाही. वीट बाजूने लागली की खालून, हे ठरवताना आडव्या आणि उभ्या दिशेने चेंडू विटेत किती शिरला आहे ते मोजा आणि ज्या दिशेने कमी शिरला आहे त्या दिशेचा घटक बदला. एका मापट्यात एकच वीट फुटू द्या. चेंडू दोन शेजारच्या विटांच्या सांध्यावर आला आणि दोन्ही टकरी मोजल्या गेल्या, तर चिन्ह दोनदा उलटून मूळपदावर येते आणि चेंडू विटांच्या भिंतीत घुसत जातो. या एका चुकीने माझी एकदा पूर्ण रात्र गेली होती, कारण ती दर विसाव्या-पंचविसाव्या टकरीला कधीतरीच घडायची आणि मी पाहायला बसलो की घडायची नाही.

फळी थबकते याचे कारण कळ दाबून धरल्यावर संगणक ती टंकलेखनासाठी पुन्हा पुन्हा पाठवतो आणि पहिल्या-दुसऱ्या वेळेत मुद्दाम विराम ठेवतो. कळीचा संदेश आला की फळी हलवू नका. कळ दाबली गेली एवढीच नोंद करा, सोडली की नोंद पुसा, आणि फळी प्रत्येक मापट्याला त्या नोंदीप्रमाणे हलवा. खिडकीवरून लक्ष गेले की सगळ्या नोंदी पुसा, नाहीतर फळी आपोआप एका भिंतीला जाऊन चिकटेल. माऊसचाही पर्याय ठेवा. जुन्या यंत्रांवर फळी हलवायला गोल फिरणारी खुंटी असे आणि तिच्या जोरावर फळी क्षणात हवी तिथे नेता येई. माऊस त्या खुंटीच्या सर्वांत जवळ जातो.

दर ओळीला वेग दीडपट करणे सोडा. अशी वाढ सुरुवातीला जाणवत नाही आणि मग अचानक हाताबाहेर जाते. चक्रवाढ व्याजाचा धडा म्हणून ती उत्तम आहे, खेळ म्हणून नाही. ब्रेकआउटमध्ये वेग थोड्याच आणि ठरलेल्या प्रसंगी वाढे: चार टोल्यांनंतर, बारा टोल्यांनंतर, आणि चेंडू वरच्या नारिंगी व लाल ओळींना पोहोचल्यावर. लाल ओळ भेदून चेंडू छताला लागला की फळी निम्मी होई. म्हणजे अडचण खेळाडूच्या स्वतःच्या यशातून येत होती, आणि ती कधी येणार हे त्याला समोर दिसत होते. त्या खेळात १४ विटांच्या आठ ओळी होत्या, खालून दोन पिवळ्या, दोन हिरव्या, दोन नारिंगी आणि दोन लाल. पडदा कृष्णधवल होता आणि रंग त्यावर चिकटवलेल्या पारदर्शक पट्ट्यांतून येत. विटांचे गुण अनुक्रमे १, ३, ५ आणि ७. एक पूर्ण भिंत फोडली तर एकूण किती गुण होतात, हे सहावीतले मूलही काढू शकेल: चौघांची बेरीज १६, आणि प्रत्येक रंगाच्या विटा २८, म्हणून ४४८. तुम्ही वेगाचे तीन टप्पे ठेवा, उदाहरणार्थ ३००, ३८० आणि ४६०, आणि त्यापुढे जाऊ नका.

चेंडू पडल्यावर तो लगेच नव्याने सोडू नका. तो फळीवर बसलेला असावा आणि खेळाडूने सांगितल्यावरच सुटावा. हा दोन क्षणांचा श्वास फार मोलाचा असतो.

संगणक कक्षाच्या अडचणीमुळेच मी इंजिनला नको म्हणालो. फेझरसारखी इंजिने चांगली आहेत आणि डझनभर दृश्यांचा खेळ करायचा असेल तर ती घ्यावीतच, पण शंभर-सव्वाशे आयत आणि एक वर्तुळ काढायला जुन्या यंत्रावरचा कॅनव्हासही, म्हणजे ब्राउझरमधली चित्र काढण्याची जागाही, पुरून उरतो. शिवाय इंजिनने टक्कर सोडवून दिली की तुमच्या विद्यार्थ्यांसाठी या खेळात जे गणित आहे तेच झाकले जाते. सगळा कोड एकाच एचटीएमएल फाइलमध्ये ठेवा, म्हणजे ती पेनड्राइव्हवरून नेऊन दोनदा क्लिक केली की इंटरनेटशिवाय उघडेल. कोड वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या स्वतंत्र फाइलींत, विभागू नका, कारण अशी मॉड्यूल संगणकावरून थेट उघडलेल्या पानात ब्राउझर सहसा चालू देत नाही. फॉन्ट किंवा लायब्ररी बाहेरून मागवू नका. आवाज हवा असेल तर ध्वनीच्या फाइली न घेता ब्राउझरकडूनच छोटा स्वर वाजवून घ्या, आणि तो पहिल्या क्लिकनंतरच वाजेल हे लक्षात ठेवा, कारण वापरणाऱ्याने काही केल्याशिवाय ब्राउझर पानाला आवाज करू देत नाहीत. उच्चांक जपून ठेवणार असाल तर वाचताना त्याचे संख्येत रूपांतर करा; ब्राउझर तो अक्षरे म्हणून साठवतो, आणि अक्षरांच्या तुलनेत ९० हे १०० पेक्षा मोठे ठरतात.

इतर शाळांना खेळ जरूर द्या. चेंडू, फळी आणि विटा ही कल्पना कोणाच्या मालकीची नाही. नाव, चित्रे आणि आवाज मात्र स्वतःचे ठेवा.

आणि एक शेवटची गोष्ट. जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलची नावे देवनागरीत लिहिता येतात. फाइल युनिकोडमध्ये जतन केली आणि तिच्या माथ्यावर तसे नमूद केले की पुरे. फाइलच्या अगदी वरच्या भागात फळीची रुंदी, चेंडूचा वेग, विटांच्या ओळी आणि ती चार त्रिकुटे एवढेच मराठी नावांनी मांडून ठेवा. अंक तेवढे इंग्रजीतलेच लागतील. मुलांना ही फाइल उघडून द्या, त्या संख्या बदलू द्या आणि जतन करून खेळून पाहू द्या. ४, ३, ५ च्या जागी कोणी ४, ४, ५ लिहिले की टोकावरून परतणाऱ्या चेंडूचा वेग वाढलेला दिसेल, आणि तो का वाढला हे तुम्हाला सांगावे लागणार नाही, विचारावे लागेल. मूळ प्रत मात्र वेगळ्या पेनड्राइव्हवर जपून ठेवा, कारण पहिल्याच तासात कोणीतरी फळी पडद्याइतकी रुंद करील. त्याला करू द्या, आणि किती वेळाने तो ती स्वतःहून लहान करतो ते मला जरूर कळवा.